बारा मेंढ्यांचा कागद

पारूबाईचा रुपयावर विश्वास नव्हता. बाजारात लोकरीचे पैसे हातात पडले, की ती आधी जवळपास एखादा सपाट दगड शोधायची आणि एकेक रुपया त्यावर आपटून त्याचा नाद ऐकायची. नाद बोदा आला की रुपया परत. लढाई सुरू झाली, चांदीचे रुपये दिसेनासे होऊन नोटा आल्या, तेव्हापासून ती बाजारातून घरी येताना घुश्शातच यायची, कारण कागद आपटून पाहता येत नाही. मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर, सातआठ घरांची धनगरवाडी आहे. तिथे तिच्या या सवयीची सगळे थट्टा करीत. तिचा नवरा हैबती तर म्हणे, लग्नात मला उचलायची ताकद असती तर हिने मलाही आपटून बघितलं असतं.

१९४३ सालच्या फाल्गुनातली ती सकाळ रोजच्यासारखीच होती. हैबतीने अंगणात मेंढी आडवी पाडली होती आणि तो तिचे वाढलेले खूर कापत होता. त्यांची लेक फुला मेंढीचे पाय धरून बसली होती आणि तिला समजावल्यासारखं काहीबाही बोलत होती. फुलाला नुकतंच पंधरावं लागलं होतं. पारूबाई चुलीवर नाचणीची भाकरी टाकत होती, पण तिचं लक्ष भाकरीत नव्हतं. ते देवाच्या फळीवर होतं. खंडोबाच्या टाकाखाली घडी घातलेला एक कागद महिनाभर पडून होता. हैबती दर रविवारी त्याच्यावर भंडारा वाहायचा, त्यामुळे कागद हळदीने पिवळा झाला होता.

तो तीनशे रुपयांचा चेक होता. कशाबद्दल, ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. मुलगी द्यायची तर बापाने नवऱ्याकडून देज घ्यायचं, अशी या लोकांत चाल. पण लेकीचे पैसे घेतले हे म्हणायची लाज वाटते. म्हणून देज मेंढ्यांत बोलतात. ‘पोरीचे किती?’ असं कोणी विचारत नाही. ‘किती मेंढ्यांवर ठरलं?’ असं विचारतात. खरी मेंढी एकही कुठून कुठे जात नाही. रुपये येतात आणि मुलगी जाते. फुलाचं बारा मेंढ्यांवर ठरलं होतं. वाडीत आजवर कुणाच्या पोरीला इतक्या मेंढ्या आल्या नव्हत्या, आणि हैबतीला त्याचा अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

नवरा होता चिमाजी. जातीचाच, पण आता पुण्यात लष्कराला मेंढरं पुरवणारा ठेकेदार. वय पन्नाशीचं, मिशांना कलप, अंगात कोट. हैबतीचा चुलतभाऊ कोंडिबा त्याला घेऊन आला होता. माघात सुपारी फुटली तेव्हा चिमाजीने घोंगडीवर बसून कोटाच्या खिशातून एक लांबट वही काढली, झोकात सही केली आणि टर्रकन कागद फाडून हैबतीच्या हातात दिला. जमलेली माणसं त्या आवाजानेच दबली. रोकड का नाही, असं पारूबाईने दाराआडून विचारलं, तर कोंडिबा हसला आणि म्हणाला, मोठी माणसं आता खिशात रुपये घेऊन हिंडत नाहीत. महिनाभराने पुण्याच्या बँकेत न्यायचा, कागदाचे रुपये झाले की वैशाखात फुलाने जायचं, असं ठरलं.

चेक वाचून दाखवायला मार्गासनीच्या शाळेतले सावळाराम मास्तर बोलावले होते. चिमाजीला पोचपावती हवी होती, तीही मास्तरांनीच लिहिली. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं. कोंडिबा म्हणाला, बारा मेंढ्यांबद्दल. मास्तरांनी क्षणभर लेखणी थांबवली, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि तसं लिहिलं. हैबतीने खाली अंगठा उठवला. मास्तर शिकलेले होते, सुधारकी मासिकं मागवून वाचत होते. तरी त्यांनी लिहिलं.

आता महिना झाला होता. दुपारी कोंडिबा कागद घ्यायला आला, तेव्हा पारूबाईने तो स्वतः फळीवरून काढून दिला. देण्याआधी तिने एक गोष्ट केली. काळ्या लोकरीचा एक बारीक धागा तिने कागदाच्या घडीत ठेवला. तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नाही. नवऱ्यावर तिचा संशय नव्हता, पण त्याच्या पोटात काही राहत नाही हे तिला माहीत होतं.

कोंडिबा तिसऱ्या दिवशी परत आला, तो तोंड उतरवूनच. बँकेने कागद नाकारला होता. साहेबाने उलटसुलट करून पाहिला, उजेडात धरला, आणि हळदीने सही खराब झाली म्हणून परत दिला, असं त्याने सांगितलं. चूक सगळी भंडाऱ्याची. चिमाजीशेट मोठ्या मनाचे, ते म्हणाले रुपये लग्नानंतर सवडीने देऊ, तारीख मोडायची नाही. हैबती डोक्याला हात लावून बसला. देवाचा भंडारा नडेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग तो बायकोवरच उखडला, की तुझी नजर रात्रंदिवस त्या कागदावर होती, तुझ्या संशयानेच हे झालं.

 पारूबाईने कागद घेतला, ती चुलीपाशी गेली आणि घडी हलकेच उघडली. काळा धागा आत जसाच्या तसा होता. ज्या साहेबाने कागद उजेडात धरून पाहिला, त्याने तो उघडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डोंगर उतरली आणि शाळा सुटायच्या वेळेला मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली. मास्तरांनाही आधी तिचाच संशय आला. देज वाढवून मागायला ही काहीतरी खुसपट काढते आहे, असं त्यांना वाटलं. पण धाग्याची गोष्ट ऐकून त्यांनी तो संशय सोडला. तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, मी लिहून दिलंय, मीच बघून येतो.

एका दिवसाची रजा काढून, तो चेक घेऊन ते पुण्याला जाऊन आले. मास्तरांनी चेक खिडकीवर दिला, तेव्हा बँकेने हळदीबद्दल चकार शब्द काढला नाही. चेकला जोडून एक चिठ्ठी दिली: खाते बंद. चिमाजीने ते दीड वर्षापूर्वीच्या दसऱ्यालाच बंद केलं होतं. पैसे उचलून घेतले आणि उरलेले कोरे चेक खिशात ठेवले. माघात सही करताना त्याला पुरतं माहीत होतं, की या कागदाला कोणी पैसा देणार नाही. बँकेतल्या म्हाताऱ्या कारकुनाने आणखी एक गोष्ट सांगितली. याच माणसाचा असाच एक चेक मागे किकवीहून आला होता.

हैबतीला हे कळलं त्याच आठवड्यात भोरच्या एका वकिलाची नोटीस आली. मास्तरांनी ती वाचून दाखवली. हैबतीने तीनशे रुपयांचा चेक घेऊन बारा मेंढ्या विकल्या, त्याची अंगठ्यासह पावती आहे. मेंढ्या अद्याप पोचल्या नाहीत. पंधरा दिवसांत न पोचल्यास दावा लावण्यात येईल. कोंडिबाने संध्याकाळी येऊन त्याचा अर्थ समजावला. फुला वैशाखात गेली तर नोटीस मिटली. नाही गेली तर मेंढ्या द्याव्या लागतील. पंचांचंही म्हणणं तेच पडलं, की सुपारी फुटली म्हणजे पोरगी त्याची.

हैबतीच्या मेंढवाड्यात सगळी मिळून तीस मेंढरं. त्यातली बारा गेली तर उरलेल्यांवर वर्ष निघत नाही. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पारूबाईला म्हणाला, पोरगी आज ना उद्या जायचीच आहे, मग मेंढरं तरी वाचू देत. फुला दाराबाहेर कोकराला पाजत होती. तिने ते ऐकलं आणि ती कोकरू घेऊन लांब गेली.

पारूबाईने किकवी गाठली. मार्गासनीहून नसरापूरपर्यंत पायी आणि पुढे मोटारीने. ठेकेदाराला मुलगी दिलेलं धनगराचं घर कुठलं, असं विचारत ती साळूबाई नावाच्या बाईच्या झोपडीपाशी पोचली. साळूबाईने आधी तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. ही चिमाजीनेच पाठवलेली असेल, असा तिला संशय. पारूबाईने कमरेची चंची सोडून पिवळा पडलेला चेक दाखवला, तेव्हा ती आत गेली आणि पत्र्याची डबी घेऊन आली. डबीत तसाच कागद होता. तीच झोकदार सही. सोळा मेंढ्यांचा.

तिची चंद्रा वर्षापूर्वी गेली होती. दिवाळीला आली नाही, पंचमीला आली नाही. बाप पुण्याला जाऊन बघून आला. चिमाजीची पहिली बायको घरात होती, आणि चंद्रा मागच्या वाड्यात कापायला आणलेल्या मेंढरांची लेंडं काढत होती. तिचे पाय सुजले होते. बाप आल्याचं कळल्यावर ती पत्र्याआडून बाहेर आली नाही.

“मंग तुमी फिर्याद का न्हाई केली?” पारूबाईने विचारलं.

साळूबाईने डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, “कोरटात इचारत्याल, कागद कशाचा. तितं काय सांगायाचं, बाई? मेंढ्यांचा म्हनलं तर मेंढ्या दाव म्हनत्याल. खरं सांगितलं तर आमचंच त्वांड काळं. त्यो चिमाजी ह्येच वळखून हाय.”

त्या बाईला कायद्याचं अक्षर ठाऊक नव्हतं, पण चिमाजीचा सगळा धंदा तिने दोन वाक्यांत सांगितला. लाज हीच त्याची खरी ठेव होती, आणि ती कुठल्याही बँकेत बंद होत नव्हती.

घरी येऊन पारूबाईने चंद्राच्या पायांची सूज तेवढी हैबतीला सांगितली. तो उठून वाड्यात गेला, मेंढरांत बसला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. फिर्याद करायला तो तयार झाला. पण एका अटीवर. कागद मेंढ्यांचा, असंच तो सांगणार होता.

भोरच्याच दुसऱ्या एका वकिलाने त्याला परोपरीने समजावलं. खातं बंद असताना जाणूनबुजून चेक देणं ही फसवणूक आहे, तिला तुरुंगाची सजा आहे. पण फसवणूक झाली म्हणजे त्या कागदाच्या भरवशावर तुम्ही काहीतरी दिलं असलं पाहिजे. काय दिलं? मेंढ्या तर दिल्या नाहीत. हैबती खाली बघून म्हणाला, मेंढ्या देणार होतो. वकिलाला आपल्याच अशिलाचा संशय येऊ लागला, तरी त्यांनी फिर्याद लिहिली. मास्तर बाजूला उभे होते. त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ज्याच्या हातची ती पावती, त्याने दुसऱ्याला खरं बोलायला कुठल्या तोंडाने सांगावं?

वैशाख सरला, फुला घरीच राहिली, आणि श्रावणात खटला उभा राहिला. भोरच्या कचेरीत त्या दिवशी वाडीतली अर्धी माणसं आली होती, काही हैबतीच्या बाजूने, काही नुसती ऐकायला. चिमाजी पिंजऱ्यात निवांत उभा होता. पारूबाई आणि फुला दाराशी भिंतीला टेकून बसल्या. साळूबाईही आली होती, पण ती अंतर राखून एकटी बसली.

चिमाजीचा वकील उलटतपासणीला उठला. त्याने पावती पुढे केली, अंगठा हैबतीचाच ना, ते विचारून घेतलं. मग सहज बोलल्यासारखं तो म्हणाला, आपण धनगर, आपल्याला प्रत्येक मेंढी तोंडओळखीने माहीत असणार. हैबतीने मान डोलावली. तेव्हा वकील म्हणाला, मग विकलेल्या बारा मेंढ्यांच्या खुणा कोर्टाला सांगा. कुठल्या रंगाच्या, कुठल्या वयाच्या.

हैबती सांगू लागला. एक काळतोंडी, डाव्या कानाला चीर असलेली. एक भुरी, दोन वेतांची. एक लंगडी. तिथे तो अडला. आपली मेंढरं त्याला खरोखरच एकेक करून माहीत होती, आणि त्यातली एकही त्याने चिमाजीला देऊ केली नव्हती. खोटं सांगायला त्याची हरकत नव्हती, पण मेंढरांबद्दल खोटं त्याच्याने आयुष्यात बोलवलं नव्हतं. वकिलाने घड्याळाकडे पाहिलं. चिमाजीच्या मिशीखाली बारीक हसू आलं. न्यायाधीशांनी वर पाहून विचारलं, पुढे?

हैबतीने दाराकडे पाहिलं. फुला मेंढीचे पाय धरून बसायची तशीच, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“साहेब,” तो म्हणाला, “मेंढी येकच व्हती. ती तितं दारात बसलीया.”

कोणाला काही कळलं नाही. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं.

“माझी लेक हाय. म्या तिला इकली. बारा मेंढ्या ह्यो निस्ता बोलायचा शबूद. त्या कागदावर इस्वास ठिवून म्या पोरीची सुपारी फोडली. आता काय सजा असंल ती मला बी द्या.”

 कोंडिबा मागच्या मागे बाहेर निघून गेला. तेवढ्यात भिंतीपाशी साळूबाई उठून उभी राहिली आणि तिने डबी वर धरली. तिचा हात खाली आला नाही. त्यानंतर सावळाराम मास्तरांनी साक्ष दिली. पावतीतला मजकूर खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. त्यांची नोकरी जाईल असं सगळ्यांना वाटलं, त्यांना स्वतःलाही वाटलं. ती वाचली की नाही, याच्याशी या गोष्टीला कर्तव्य नाही.

चिमाजीला फसवणुकीबद्दल नऊ महिने सक्तमजुरी आणि दंड झाला. त्याच्या हातात बेडी पडली तेव्हा वाडीच्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि हैबती न्यायाधीशांपुढून हलेना. स्वतःच्या सजेची तो वाट पाहत होता. शेवटी शिपायाने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. त्याने जे केलं होतं त्याला कायद्यात कलम नव्हतं.

दिवाळीनंतर, अपिलाची मुदत सरल्यावर, त्याला पुन्हा भोरला बोलावणं आलं. चिमाजीच्या दंडातून तीनशे रुपये फिर्यादीला नुकसानभरपाई म्हणून द्यावेत, असा निकालात हुकूम होता. ते तिघेही गेले. कारकुनाने नोटा आणि वरचे काही चांदीचे रुपये मोजून दिले, अंगठा घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर येताच पारूबाईचा हात सवयीने चालला. तिने एक रुपया घेऊन कचेरीच्या पायरीवर आपटला. खणखणीत वाजला. मनासारखा नाद ऐकून ती हसली, आणि हैबतीलाही बऱ्याच महिन्यांनी जरा हसू आलं.

फुला हसली नाही. ती त्या रुपयाकडे बघत होती.

“आबा,” तिने विचारलं, “म्हंजी आता कागदाचं रुपयं झालं. मंग त्यो सुटून आला की म्या जायाचं का?”

ती हे रागाने म्हणाली नाही, की टोमणा मारून म्हणाली नाही. माघापासून तिने घरात जे ऐकलं होतं तेच ती विचारत होती. पारूबाईने रुपया उचलायला वाकून हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. त्या कागदावर तिने सुरुवातीपासून संशय घेतला होता, चिमाजीवर घेतला, कोंडिबावर घेतला. कागद खोटा आहे की खरा, यापलीकडे तिचा संशय कधी गेलाच नव्हता, हे तिला त्या पायरीवर कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

“न्हाई,” हैबती म्हणाला. “तू कुटं जायाचं न्हाई.”

तो पैसे घेऊन परत आत गेला. कारकून त्याच्यावर वैतागला. दिलेली भरपाई परत घ्यायची तजवीज त्याच्याकडे नव्हती, तसा रकाना कुठल्या वहीत नव्हता. हैबती बाहेर आला आणि बराच वेळ ती पुरचुंडी घरात शिरलेल्या सापासारखी लांब धरून उभा राहिला. मग पारूबाई म्हणाली, चंद्राला चिमाजीच्या घरून सोडवून आणायला पंचांना खर्च द्यावा लागेल, आणि साळूबाईकडे फुटकी कवडी नाही. एवढ्यावर तो चालू लागला. किकवीकडे जाणारी मोटार बाजारपेठेच्या टोकाला उभी होती. ते तिघे चढले.

फुला दोघांच्या मध्ये बसली. गाव मागे पडल्यावर ती पुन्हा म्हणाली, “आन आबा, त्यो कागद खरा निगाला असता तर?”

हैबती खिडकीबाहेर पाहू लागला. त्याला उत्तर देता आलं नाही, आणि मीही ते त्याच्या तोंडी घालणार नाही. ज्यांच्या घरी देजाचे किंवा हुंड्याचे रुपये खणखणीत वाजवून घेतले गेले आहेत, त्यांनी ते त्या मुलीला द्यावं.